नवे मासे आधी वेगळ्या टाकीत: क्वारंटाइन टाकी कशी लावावी

दुकानातून आणलेला गप्पी वरवर धडधाकट दिसतो. पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी कित्येकदा आधी कल्ल्यांत शिरतो, आणि अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके उमटेपर्यंत काही दिवस उलटून गेलेले असतात. एव्हाना तो मासा मोठ्या टाकीत सोडलेला असेल, तर सगळ्या टाकीलाच औषध करावे लागते. तिथल्या कोळंब्या, गोगलगायी आणि नाजूक झाडांना ते सोसतेच असे नाही. म्हणून नवा मासा चार आठवडे वेगळा ठेवायचा. तुमची टाकीच नवी असेल आणि हे पहिलेच मासे असतील, तर मात्र वेगळ्या टाकीची गरज नाही.

सुरुवात टाकीपासून नको, स्पंजपासून करा. क्वारंटाइनमध्ये मासे दगावतात ते पुष्कळदा रोगाने नाही, तर त्यांच्याच घाणीतून पाण्यात साचणाऱ्या विषारी अमोनियाने. काल भरलेल्या पाण्यात माशांची घाण पचवणारे जिवाणूच नसतात. मासे आणण्याआधी तीन ते चार आठवडे एक जादा स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत लावा आणि एअर पंपावर चालू ठेवा. तेवढ्या दिवसांत स्पंज तपकिरी होतो, हाताला किंचित बुळबुळीत लागतो. हाच स्पंज नव्या टाकीचा जीव आहे. तो नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात दोनदा पिळला की पुरे.

टाकी १८ बाय १२ बाय १२ इंचांची घ्या. १० इंच पाणी भरले की साधारण ३५ लिटर होते. सहा ते आठ लहान टेट्रा किंवा गप्पींना एवढी जागा पुरते. गोल्डफिश फार घाण करतो, त्याला याहून मोठी टाकी लागते. सोबत ५० वॉटचा हीटर, थर्मामीटर, झाकण आणि अमोनिया-नायट्राइट तपासायचा किट हवा. तळाला वाळू किंवा खडी घालू नका. उघड्या काचेवर विष्ठा आणि उरलेले खाद्य लगेच दिसते, आणि परजीवींना खडीत दडायला जागा मिळत नाही. आडोशाला दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि प्लॅस्टिकचे एखादे झाड ठेवा. लपायला जागा नसली की मासा घाबरून खाणे सोडतो, मग तो आजारी आहे की नुसता घाबरलाय हे कळत नाही. टाकी मोठ्या टाकीपासून लांब ठेवा, शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत. बुडबुडे फुटताना उडणारे बारीक थेंबही रोग नेऊ शकतात.

नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारे द्रव्य) पाकिटावरच्या मापाने घाला. पावसाळ्यात पालिकेच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येत असेल, तर जास्तच लक्ष ठेवा. बोअरचे पाणी असेल तर ते आदल्या दिवशी बादलीत काढून त्यात रात्रभर हवा सोडा. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) स्थिर होतो. तापमान २६ अंशांवर आणा. मासे यायच्या दिवशी स्पंज इकडे हलवा. आदल्या आठवड्यात हलवलात, तर खाद्याविना जिवाणू कमी होतात.

मासे जवळच्या दुकानातून आणले असतील, तर दिवे बंद करून पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगू द्या. मग अर्ध्या तासात चार-पाच वेळा थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घाला आणि मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतले पाणी टाकीत कधीच ओतू नका. कोलकात्याहून किंवा चेन्नईहून पार्सलने आलेल्या पिशवीचे गणित वेगळे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच वायू निसटतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा वेळी बंद पिशवीतच तापमान जुळवा, आणि उघडल्यावर वेळ न दवडता मासे टाकीत सोडा.

पहिल्या दिवशी खाद्य देऊ नका. पुढे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या. पहिल्या दहा दिवसांत अमोनिया रोज तपासा. शून्य दिसायला हवा, ०.२५ पीपीएम दिसला तरी निम्मे पाणी बदला. एरवी दर दोन-तीन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला, आणि तळाची घाण त्याच वेळी नळीने ओढून घ्या. जाळी, बादली, नळी या टाकीची वेगळी ठेवा. लाल टेप लावली की घरातल्या कुणाची गल्लत होत नाही. रोज मोठ्या टाकीचे काम आधी उरका, या टाकीचे शेवटी, आणि मग साबणाने हात धुवा. वीज बराच वेळ जात असेल, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवाच. हवा थांबली की काही तासांत स्पंजमधले जिवाणू मरू लागतात.

रोज खाद्य घालताना पाच मिनिटे बघत उभे राहा. मासा पाइपला अंग घासतो का? पर मिटून ठेवतो का? पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो का? विष्ठा पांढरी, लांब दोऱ्यासारखी आहे का? गुदद्वारातून बारीक लाल धागे बाहेर दिसले, तर ते कृमी आहेत. त्यांना लेव्हामिसोल हे कृमिनाशक लागते. पांढरे ठिपके दिसले, तर औषध सुरू करा, तापमान हळूहळू २८ पर्यंत न्या आणि हवा वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. औषध थांबवायची घाई इथे नडते. औषध फक्त पाण्यात पोहणाऱ्या परजीवींवर चालते, कातडीखाली बसलेल्यांवर नाही. २५-२६ अंशांवर त्यांचे एक जीवनचक्र साधारण आठवड्यात पुरे होते. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर औषध चालू ठेवा.

लक्षण नसताना औषध ओतू नका. मिथिलीन ब्लू हे निळे औषध तर स्पंजमधले जिवाणूही मारते, आणि काळजीपोटी दिलेल्या औषधाने अमोनिया चढतो. तांब्याचे औषध दिले असेल, तर त्या टाकीत नंतर कोळंबी ठेवू नका.

दिवस मोजायचे ते शेवटचा मासा आत आल्यापासून. विसाव्या दिवशी मोह होऊन दोन नवे मासे टाकले, तर सगळ्यांचे २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून. रोग निघाला, तर बरे झाल्यावर औषधाशिवाय आणखी दोन आठवडे थांबा. मासे हलवल्यावर, रोग निघाला असेल तर स्पंज फेकून द्या. मासे निरोगी निघाले असतील तर तो मोठ्या टाकीत परत लावून ठेवा. रिकामी टाकी, पाइप आणि जाळी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा.