कांदा वावरात असताना ढग कसे बघायचे

एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा काढून वावरात पडलेला असतो, तेव्हा माझी नजर सारखी वर जाते. सिन्नर तालुक्यात पंचवीस वर्षं कांदा करतोय. वळीव ओळखायचा तर ढगाचा रंग सोडा, उंची बघा. जाड ढग डोक्यावर आला की खालून काळाच दिसतो, पाऊस असो वा नसो.

सकाळी अकराच्या सुमारास कापसाच्या बोंडांसारखे बारके ढग उगवतात. दुपारी दोनपर्यंत ते तसेच बसके राहिले, तर खुशाल कांदा कापत बसा. पण साडेबारालाच एखादा ढग रुंदीपेक्षा उंच झाला, तर ताडपत्र्या बांधावर आणून ठेवा.

मग त्या ढगाच्या माथ्याची कड बघत राहा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी ती कड रेखीव दिसते तोवर माथ्यावर पाण्याचे थेंबच आहेत आणि ढग अजून चढतोय. कड पुसट झाली, पिंजल्यासारखी दिसू लागली, की वर बर्फ व्हायला लागला. पुढे माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो, पण तेवढं थांबू नका. मी कड पिंजली की पोळ, म्हणजे वावरात रचलेला कांद्याचा ढीग, झाकायला घेतो. एका वर्षी ऊन कडक आहे म्हणून जेवायला घरी गेलो, परत येईस्तोवर निम्मी पोळ भिजली. तो कांदा साठवणीच्या कांदाचाळीत महिनाभरसुद्धा टिकला नाही.

ढग आपल्याकडे येतोय का? लांबच्या एखाद्या झाडाचा शेंडा धरून पाच मिनिटं एकाच जागी उभे राहा. ढग शेंड्याच्या डावी-उजवीकडे सरकला तर बहुतेक बाजूने जातो. जागेवरच मोठा होत गेला तर आपल्यावरच येतोय, असं धरा. उकाड्यात एकदम गार वारा सुटला आणि मातीचा वास आला, की जवळपास पाऊस पडतोय. आता काही मिनिटंच हातात आहेत.

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळतं. मात्र गडगडाट ऐकू आला की झाकायचं राहिलं तरी राहू द्या, माणसं पक्क्या घरात न्या. झाडाखाली कुणालाच उभं राहू देऊ नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲपही बघत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, मगच वावरात जा आणि ऊन पडलं की ताडपत्री लगेच काढा, आत वाफ धरली तर कोरडा राहिलेला कांदाही सडतो.