ईसीजीतली थरथर नेमकी कुठून येत होती?

आजोबांचा ईसीजी काढला तर कागदावर नुसतं गवत उगवलेलं. पी लाट, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची छोटी लाट, शोधूनही सापडेना. स्नायूंच्या थरथरीचे सिग्नल गाळणारा फिल्टर लावला की रेघ गुळगुळीत होते खरी, पण क्यूआरएसची (खालच्या कप्प्यांच्या टोकदार लाटेची) उंची घटते आणि बारीक खाचाही पुसट होतात, म्हणून मी तो शक्यतो शेवटी वापरतो.

आधी लीड, म्हणजे हातापायांच्या दोन-दोन जागांमधला विद्युत फरक दाखवणाऱ्या रेघा, बघितल्या. एक आणि तीन खराब, दोन मात्र स्वच्छ. दोन नंबरची लीड उजवा हात आणि डावा पाय यांच्यातली. एक आणि तीन या दोन्हींत डावा हात असतो. म्हणजे गडबड तिथेच. क्लिप काढली तर खाली जेल वाळून पापुद्रा धरलेला. त्वचा स्पिरिटने पुसली, कोरडी केली, ताजं जेल लावलं. बराच फरक पडला, पण बारीक थरथर काही जाईना.

मग लक्ष गेलं मुठीकडे! बेड अरुंद, हात घसरेल या धास्तीने आजोबांनी तो आवळून धरला होता. बाजूला उशी सरकवली, "आजोबा, पडत नाही हात, सैल सोडा" म्हटलं, अंगावर चादर घातली (कुडकुडणंही रेघेत उमटतं). 25 मिमी प्रति सेकंद वेगाने पुन्हा काढला. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी लाट स्वच्छ.