पहिल्या पावसाआधी: मुलांच्या गटार-मोहिमेची तयारी

पावसाळी गटारात घाण जाऊ नये म्हणून मुलांना घेऊन काही करायचं ठरलं, की आधी पोस्टरं रंगवायला घेतली जातात. ती शेवटी. सुरुवात शाळेच्या गच्चीवर करा आणि विचारा, इथं पडलेलं पाणी जातं कुठं? बरीच मुलं सांगतात, शुद्ध होऊन पुढं जातं. मोठ्यांचंही उत्तर फार वेगळं नसतं. खरं तर जिथं सांडपाण्याची आणि पावसाची गटारं वेगळी आहेत, तिथं रस्त्यावरचं पाणी जाळीतून उतरून बहुतेक वेळा जसंच्या तसं ओढ्यात किंवा नदीत पोचतं. काही जुन्या शहरांत दोन्ही एकाच नळातून जातात. आपल्या भागात काय आहे ते आधीच विचारून घ्या, नाहीतर मुलांना चुकीचं शिकवून बसाल. मग गच्ची मोजायला लावा. 100 चौरस मीटरवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,000 लिटर पाणी, हे स्वतः काढलेलं उत्तर मुलं विसरत नाहीत.

नंतर नकाशा. शाळेभोवतालची प्रत्येक जाळी शोधून तिला क्रमांक द्यायचा आणि उताराचे बाण काढायचे. पेन्सिलच घ्या, शाई पावसात पसरते. उतार नजरेला फसवतो, म्हणून रिमझिम पावसात फाटकातून पाणी कुठं वळतं ते पाहा. साचलेल्या किंवा वाहत्या पाण्यात कुणी उतरायचं नाही, झाकण उचलायचं नाही, जाळीत हात घालायचा नाही. रहदारीकडे लक्ष ठेवायला एक मोठं माणूस फक्त त्याच कामाला हवं.

तारीख ठरवताना सोय बघू नका, पाऊस बघा. कोरड्या दिवसांत रस्त्यावर साचलेलं सगळं पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहून जातं, म्हणून झाडलोट तिच्या आधी व्हायला हवी. झाडायचं, धुवायचं नाही. पाइपानं रस्ता धुतला तर जे अडवायचं तेच आपण गटारात पोचवतो. पानंही उचला. ‘ती तर नैसर्गिक आहेत’ असं मुलं म्हणतील. पण भिजलेल्या पानांतून फॉस्फरस सुटतो, त्यावर शेवाळ माजतं आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो.

सामानात झाडू, केरसुपल्या, जाड हातमोजे, चिमटे, पोती, साबण, प्रथमोपचाराची पेटी आणि वजनाचा लटकता काटा. काटा विसरू नका. पुढच्या वर्षी तुलना करायला आकडा लागतो. काच आणि सुया मुलांनी उचलायच्या नाहीत, त्यासाठी मोठ्यांजवळ झाकणाचा टणक डबा असू द्या. सिगारेटची थोटकं वेगळी मोजा, कारण त्यांचा फिल्टर कापसाचा नसून बहुधा सेल्युलोज अॅसिटेट या प्लास्टिकचा असतो.

झाडूत न येणारी घाणही असते, आणि मोठ्या वर्गांना ती सांगायलाच हवी. टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून तयार होणाऱ्या ‘6पीपीडी-क्विनोन’मुळे अमेरिकेच्या वायव्य भागातल्या ओढ्यांत कोहो सॅमन मासे मरतात, हे 2020 मध्ये उघड झालं. तेव्हा पाण्याचे नमुनेही घ्या: एक कोरड्या दिवशी, एक पावसात, दोन्ही एकाच जागेवरून. बाटली काठीला बांधून मोठ्यांनी बुडवावी आणि त्याच पाण्यानं तीनदा विसळावी. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल-अल्कधर्मी ते), नायट्रेट आणि फॉस्फेटसाठी चाचणीपट्ट्या पुरतात. टायरचं रसायन मात्र त्यांत दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर पट्टी ठीक म्हणजे पाणी ठीक असं ती धरून चालतील.

इथलं पाणी नदीत जातं हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळावं म्हणून जाळीशेजारी माशाचं चित्र काढायचं असेल तर रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या आणि सलग दोन कोरडे दिवस निवडा. ब्रश कुठं धुणार, तेही ठरवा. पहिल्या वर्षी आम्ही ते त्याच जाळीवर धुतले होते. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘सर, हे चालतं का?’

आणि पोती कोण, किती वाजता नेणार, हे आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा. गाडी येईपर्यंत ती उंचवट्यावर, जाळीपासून लांब, तोंडं बांधून ठेवा. रात्री सर आलीच तर सगळं परत गटारात जाईल.