नाव सांभाळायचं म्हणजे नेमकं करायचं काय

लोक काय म्हणतील म्हणून घाबरून राहणं वेगळं आणि स्वतःचं नाव जपणं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करा. समोरच्याला आपल्या शब्दावर निर्धास्त राहता येतं का, एवढाच प्रश्न आहे.

सुरुवात पैशापासून करा, कारण पत तिथेच सगळ्यात आधी कळते. आमच्या बिल्डिंगमध्ये १२ जणींची भिशी आहे, महिन्याला २००० रुपये, ५ तारखेच्या आत. त्यातली एक कायम उशिरा द्यायची पण ४ तारखेलाच तिचा फोन यायचा, ताई पगार सातला होतोय, आठला देते, आणि आठला सकाळी पाकीट दारात. दुसऱ्या एका बाईकडे पैसा भरपूर पण तिच्या दारात आपणच दोनदा जायचं. त्या फोन करणारीला मुलाच्या ॲडमिशनसाठी पैसे लागले तेव्हा जिची चिठ्ठी निघाली होती तिने स्वतःहून नंबर सोडला, दुसरीने मागितला तर सगळ्या गप्प. पैसे दोघींचेही उशिराच येत होते हं. म्हणून उशीर होणार असेल तर तारीख उलटायच्या आत आपणच फोन करायचा, नवीन तारीख मनातल्या तारखेपेक्षा दोन दिवस पुढचीच सांगायची, आणि मग ती चुकवायची नाही.

बँकेतही हेच, फक्त तिथे तोंडओळख चालत नाही. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी, तिचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि वेळेवर हप्ते भरले का हे त्यात फार मोजलं जातं. पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून बघाच, दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर दिसलं तर लगेच लेखी तक्रार करा. आणि जामीन राहताना भिडेखातर सही करू नका, त्याने हप्ते थकवले तर वसुली तुमच्या दारात येते आणि तुमचा रिपोर्टही खराब होतो. नाही म्हटल्यावर आठवडाभर तोंडं फुगतील, फुगू देत.

'देहे त्यागितां कीर्ति मागें उरावी' हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे पण रामदास लगेच पुढे चंदनासारखं झिजायला सांगतात, ते आपण सोडून देतो. नाव हवं असेल तर आधी काम दिसू दे.

आता दुसऱ्याच्या नावाबद्दल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शेक्सपिअरचं ऑथेल्लो नाटक वाचा, नाटककार देवलांनी त्याचंच झुंझारराव केलं. त्यातला इयागो, म्हणजे सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा कपटी माणूस, नोकरी गेलेल्या कॅसिओला सांगतो की नावलौकिक वगैरे सगळं पोकळ असतं, आणि तोच थोड्या वेळाने ऑथेल्लोला सांगतो की पैसा चोरला तर काही नाही पण नाव चोरलं तर माणूस खरा भिकारी होतो. ज्याला जे ऐकायचंय ते. बायको डेस्डेमोना आणि कॅसिओबद्दल ऑथेल्लोच्या मनात संशयही इयागोच भरवतो. बायकोचा रुमाल कॅसिओकडे कसा गेला हे ऑथेल्लो शेवटी कॅसिओला विचारतो, पण कधी, तर डेस्डेमोनाचा जीव घेतल्यावर. हाच प्रश्न दोन अंक आधी विचारला असता तर!

म्हणून कोणाबद्दल काही कानावर आलं की आधी बघा, सांगणाऱ्याचा यात काय फायदा आहे. मग ज्याच्याबद्दल आहे त्याला सरळ फोन करा, "असं ऐकलं, खरं काय आहे?" एवढंच. तोवर व्हॉट्सअपवर फॉरवर्ड नाही आणि नवऱ्याला, जावेलाही सांगायचं नाही.

तुमच्याबद्दलच उठलं तर दहा जणांना खुलासे देत फिरू नका, ज्या दोघातिघांना खरंच फरक पडतो त्यांना समोर बसून कागद दाखवा. आणि चूक तुमची असेल, तुम्हीच कोणाबद्दल चुकीचं बोलला असाल, तर माफी गुपचूप त्याच्या इनबॉक्समध्ये नको, ज्या ग्रुपवर बोललात त्याच ग्रुपवर, त्याच माणसांसमोर, नाव घेऊन मागा.