फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी तिथी बघा

नवी मुंबईतल्या सीवूड्स-नेरूळच्या पाणथळीवर सुट्टीच्या सकाळी जायचं आणि नुसता चिखल बघून परत यायचं, हे माझं दोनदा झालं. ओहोटीला फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या चिखलात चरायला पांगतात. भरतीने तो चिखल बुडाला की मग टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या उथळ पाण्यात येऊन एका पायावर उभे राहतात. म्हणजे आपण भरती गाठायची.

कोळीवाड्यातला जुना हिशोब त्यासाठी पुरतो:

१. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं.
२. तिची पाऊणपट करा. षष्ठी असेल तर साडेचार, एकादशी असेल तर सव्वाआठ. ही भरतीची साधारण वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही.
३. तासभर आधी पोहोचा. थवे उतरताना दिसतात, खरी मजा तीच.

सकाळी फिरायचं तर दशमी ते द्वादशी उत्तम. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. सीवूड्स-दारावे स्टेशनवरून चालत जाता येतं. पक्षी बघून झाले की पाम बीच रोडच्या कडेने नेरूळच्या ज्वेल पार्कपर्यंत जा, तिथल्या तळ्याभोवती फेरी मारा. दुर्बीण असली तर बरं, नाहीतर मोबाइलच्या फोटोत गुलाबी ठिपके येतात.

हिशोब तासभर इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी मुंबईचं भरतीचं वेळापत्रक एकदा ताडून घ्या. आणि फोटोसाठी बांधाखाली उतरू नका. वरून कोरडा दिसणारा गाळ गुडघ्यापर्यंत ओढतो, चप्पल तर परत मिळतच नाही.