शाळेची परसबाग: दिवाळीनंतर पेरा, परीक्षेआधी काढा

शाळेत भाजीचे वाफे करायचे म्हटले की बहुतेक ठिकाणी जूनमध्ये सुरुवात होते. उत्साह असतो, पण जोराच्या पावसात पालेभाजीचे बी वाहून जाते किंवा कुजते, तण मुलांना आवरत नाही आणि जे वाचते ते दिवाळीच्या सुट्टीत पाण्यावाचून वाळते. पहिल्यांदाच करत असाल तर दिवाळीनंतर पेरा. थंडीत पालेभाजी उत्तम येते, कीड कमी असते आणि वार्षिक परीक्षेपर्यंत सलग चार महिने हातात असतात.

पावसाळा खतासाठी वापरा. श्रावणात, छपराच्या आडोशाला, ३ फूट लांब-रुंद-उंच ढीग रचा: तीन भाग वाळका पाला, एक भाग ओले गवत आणि भाज्यांची साले, मधूनमधून शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण). दर पंधरा दिवसांनी वरखाली करा. मूठभर खत दाबल्यावर पाणी ठिबकले तर ढीग जास्त ओला आहे. वाळका पाला मिसळा. खत तयार झाले की काळपट, भुसभुशीत होते आणि पहिल्या पावसासारखा वास येतो. शेणखत आणणार असाल तर पूर्ण कुजलेलेच आणा. कच्च्या शेणामागून हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी येते.

वाफे

जागा निवडताना दिवसाचे सहा तास ऊन आणि जवळ नळ, एवढेच पाहा. तीस मुलांना पाच वाफे पुरतात, सहा जणांचा गट एका वाफ्याला. वाफा १० फूट लांब आणि ३ फूटच रुंद ठेवा. मुलाचा हात दीड फुटापर्यंत पोचतो. रुंदी वाढली की मुले आत पाय देतात आणि खणलेली माती पुन्हा दाबली जाते. दोन वाफ्यांमध्ये दीड फूट वाट सोडा. माती टिकावाने ९ इंच खोल खणून खडे वेचा, प्रत्येक वाफ्यात दोन घमेली खत मिसळा, पाणी द्या आणि वाफसा येईपर्यंत थांबा. मुठीत दाबलेला गोळा बोटाने टोचल्यावर फुटला की वाफसा आला. बोटाला चिकटला तर अजून एक दिवस जाऊ द्या.

बी

गुलाबी किंवा निळसर रंग चढवलेले बी घेऊ नका. तो बुरशीनाशकाचा लेप असतो; सेंद्रिय वाफ्यात नको आणि मुलांच्या हातात तर मुळीच नको. मेथी आणि धने किराणा दुकानातलेही चांगले उगवतात. धने मात्र बाटलीने हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. तरीही उगवायला ८ ते १२ दिवस लागतात. मेथी चौथ्या दिवशी वर येते, म्हणून कोथिंबीरवाला गट हिरमुसून वाफा उकरून पाहतो. हे आधीच सांगून ठेवा.

मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर असे चार वाफे आणि पाचव्यात टोमॅटोची १०-१२ रोपे, हा पहिल्या वर्षाचा चांगला बेत. एका वाफ्याला २५ ग्रॅम मेथी पुरते. ती अर्धी आज आणि अर्धी आठ दिवसांनी पेरा, नाहीतर सगळी एकाच दिवशी काढणीला येते. बोटभर अंतरावर रेघा ओढा, बी अर्धा इंच खोल टाका आणि वर वाळक्या गवताचे पातळ आच्छादन घाला. कोंब दिसताच गवत ओळींमध्ये सरकवा. मेथी महिन्याभरात, मुळा ४५ दिवसांत तयार होतो. पालक कापून घेतला की पुन्हा फुटतो.

पाणी

मुलांच्या बागा बहुतेक जास्त पाण्याने मरतात. प्रत्येक जण मायेने एकेक तांब्या ओततो. मग मेथीची रोपे आडवी पडतात. उपटून पाहा, देठ मातीलगत दोऱ्याएवढा बारीक आणि तपकिरी झालेला दिसेल. हा मर रोग. त्यावर औषध शोधण्यापेक्षा पाणी तोडा आणि दाट रोपे विरळ करा. उगवेपर्यंत रोज हलका शिडकावा, पुढे एक दिवसाआड वाफ्याला १० लिटरच्या दोन झाऱ्या, सकाळीच. पाळीचा फळा वाफ्याशेजारी लावा आणि पाणी दिले की खडूने खूण करायला सांगा. शनिवारी पाणी दिले तर आच्छादनामुळे रविवार निभावतो.

जीवामृत आणि कीड

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचे आंबवलेले पातळ खत: २० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळा, आठवड्याच्या आत संपवा. दहापट पाणी घालून फक्त मुळाशी द्या. पानांवर नको, कारण तीच पाने ताटात जाणार आहेत. काढणीआधी दोन आठवडे बंद करा. हाताळल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर आधी बोटाने पुसा, पाण्याच्या फवाऱ्याने झाडा. न आवरल्यास ५ टक्के निंबोळी अर्क: ५०० ग्रॅम निंबोळी पूड फडक्यात बांधून रात्रभर भिजवा, पिळा, थोडा साबण घालून १० लिटर करा. त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर फवारा. काम मोठ्यांनी करावे. टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी. तेवढी पाने खुडून दूर टाका.

काढलेली भाजी तोला, तारखेसह वहीत लिहा, तीन पाण्यांनी धुऊन पोषण आहाराच्या खिचडीत घाला. मेथी आणि कोथिंबिरीची प्रत्येकी आठ-दहा जोमदार रोपे मात्र न काढता राखा. मार्चमध्ये ती वाळली की बी झोडा, दोन दिवस ऊन द्या, राखेत मिसळून काचेच्या बरणीत ठेवा आणि वर वाफ्याचा नंबर लिहा.