घरात कुणाची आयल्ट्स असेल तर

टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे फोन जोडून देणारी, म्हणून लागले तेव्हा कॉल बुक करणाऱ्याचं नाव, गाव, नंबर सगळं हाताने टिपून घ्यावं लागे. पलीकडचा माणूस एकदाच सांगायचा. पुन्हा विचारलं की खेकसायचा. त्या खुर्चीने माझे कान तयार केले, इंग्रजी मात्र बेताचंच राहिलं. तरीही ठाण्यात चरईतल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आजवर चौघांनी आयल्ट्सची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी केली. शेजारची सून, तिच्या वॉर्डातली मैत्रीण, वरच्या मजल्यावरचा एक मुलगा आणि माझी भाची. तेव्हा घरात कुणी या परीक्षेला बसत असेल, तर 'मला कुठे येतंय इंग्रजी' म्हणून बाजूला होऊ नका.

आधी किती बँड, म्हणजे या परीक्षेतले गुण, लागणार ते कागदावर लिहून भिंतीला लावा. शेजारच्या सुनेला ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी होती. त्याला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये 7 आणि रायटिंगमध्ये 6.5 लागतात. ती मात्र सगळा वेळ रायटिंगवर घालवत होती, कारण क्लासमध्ये निबंधाचे ठरीव साचे पाठ करून घेत होते. पाठ केलेलं परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं आणि त्याचा फटका बसतो. त्या क्लासची फी ऐकून मला चक्कर यायची बाकी होती, असो.

लिसनिंग हा माझा प्रांत. 40 प्रश्न, सुमारे अर्धा तास, आणि आवाज एकदाच ऐकायला मिळतो. पहिल्या भागात बहुतेक वेळा कुणीतरी फोनवर चौकशी करत असतं आणि आपण नाव, पत्ता, नंबर भरायचा असतो. म्हणजे आमचं बुकिंगच! याचा सराव फुकटात होतो. तुम्ही इंग्रजी आडनावं आणि रस्त्यांची नावं एकेक अक्षर करून भराभर वाचा, समोरच्याने लिहायचं. दोनदा सांगायचं नाही. मराठी माध्यमातल्या मुलांची एक ठरलेली चूक दिसेल: 'ई' (E) ऐकलं की हात 'आय' (I) लिहितो, कारण डोक्यात आपली इ बसलेली असते. त्यात बोलणारा ऑस्ट्रेलियन असला तर त्याचा 'ए' (A) आपल्याला 'आय'सारखा ऐकू येतो. नंबर सांगताना 'डबल फोर' म्हणायला विसरू नका. थर्टीन आणि थर्टी रोज पाच वेळा आलटूनपालटून विचारा.

दुसरा सापळा म्हणजे बोलणारा मध्येच शब्द फिरवतो. मंगळवार म्हणतो आणि लगेच, नाही, बुधवारच बरा. आमच्याकडे लोक 'साताऱ्याला लावा, नाही नाही, कराडला' म्हणायचे तसं. पहिलं ऐकून पेन खाली ठेवणारा फसला. शेवटचा 'स'ही आपण खातो. टिकेट्सचं टिकेट लिहिलं तर उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी चूक. अकोमोडेशनमध्ये दोन सी, दोन एम, हे माझ्या फ्रिजवर अजून चिकटवलेलं आहे. दोनच शब्दांत उत्तर मागितलं असताना तिसरा लिहिला तर बरोबर उत्तरही वाया जातं.

सुनेची ड्युटी वाशीला. ठाण्याहून गाडीला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, म्हणजे बरोब्बर एक लिसनिंग. जाताना इअरफोन लावून सोडवायची आणि येताना चुकलेलं तेवढंच पुन्हा ऐकायची. गर्दीत ऐकायची सवय झाल्यावर परीक्षेची खोली तिला देवघरासारखी शांत वाटली.

रीडिंगमध्ये 60 मिनिटांत 40 प्रश्न. सगळे अडखळतात ते ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनपाशी. मी ते आपल्याच गाडीवरून शिकवते. समजा उताऱ्यात एवढंच आहे: 16 एप्रिल 1853 रोजी पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. आता विधान आलं, 'पहिली गाडी ठाण्याहून सुटली.' हे फॉल्स, उतारा उलट सांगतो. दुसरं विधान, 'गाडीला तीन इंजिनं होती.' भाची तावातावाने म्हणाली, ट्रू, आम्हाला शाळेत शिकवलंय! तीन होती हे खरंच आहे. पण उताऱ्यात नाही, म्हणून नॉट गिव्हन. आपल्याला काय माहीत आहे ते तिथे कुणी विचारत नाही. चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही चौकोन रिकामा ठेवू देऊ नका.

रायटिंग मी तपासत नाही, ती माझी कुवत नाही. मी वेळ लावते आणि शब्द मोजते. त्यात दोन प्रश्न असतात. पहिल्याला 20 मिनिटं, किमान 150 शब्द. दुसऱ्याला 40 मिनिटं, किमान 250. दुसऱ्याचं वजन दुप्पट असतं, म्हणून पहिल्यातच रमलेल्याला विसाव्या मिनिटाला थांबवायचं. व्याकरणासाठी एखादी शिकवणारी बाई गाठा.

स्पीकिंगमध्ये मी एकदा मोठा घोळ घातला. वरच्या मजल्यावरचा मुलगा माझा पहिला विद्यार्थी. तो 'आय हॅव'ऐवजी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणाला की मी लगेच टोकायची. पंधरा दिवसांत त्याने बोलणंच टाकलं. नुसता हं हं करायचा. सलग बोलता येणं हाच तिथे गुणांचा एक मोठा भाग असतो आणि मी नेमकं तेच तोडत होते. आता मी मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि गप्प बसते. नंतर तो स्वतः ऐकतो. चुका निम्म्याहून जास्त त्याच्याच कानाला खटकतात. दोनच मी सांगते, तिसरी उद्या.

स्पीकिंगच्या मधल्या भागात विषयाचं एक कार्ड मिळतं, एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. त्यासाठी आम्ही संध्याकाळी तलावपाळीला जातो. 'पाण्याजवळच्या एखाद्या जागेबद्दल बोला' असं कार्ड काढलं आणि समोर मासुंदा तलाव, बोटी, भेळवाले! काय बोलू म्हणायची सोय नाही. खरं बोललंच पाहिजे असंही नाही. सुचलं नाही तर काकाची बोट होती म्हणून ठोकून द्या, परीक्षक भाषा तपासतो, काका नाही. दोन मिनिटं झाली की मी वाक्याच्या मध्येच 'थँक्यू' म्हणते, कारण तिथेही तसंच तोडतात आणि मुलं हिरमुसून पुढचा प्रश्न घालवतात.

आदल्या रात्री नवीन काही नाही. पासपोर्ट पिशवीत आहे ना, अर्ज भरताना दिलेला तोच आहे ना, एवढं बघायचं. मनगटी घड्याळ आत नेऊ देत नाहीत. म्हणून शेवटचा आठवडा मी माझं घड्याळ कपाटात ठेवते आणि मुलांना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लिहायला लावते. आमचं पाच मिनिटं पुढे आहे, ते मात्र आधी सांगून ठेवते.